हवा भरण्याआधी पाणी भरा

करड्या पीव्हीसी पाइपवर ठरावीक अंतराने एक ओळ छापलेली असते. तिच्यात आयएस ४९८५ हा मानक क्रमांक, पाइपचा व्यास आणि तो दर चौरस सेंटिमीटरला किती किलो दाब सोसतो याचा आकडा असतो. गेल्या एप्रिलमध्ये मुलुंडच्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकणाऱ्या एका मुलाने ती ओळ मला बोटाने दाखवली आणि तो म्हणाला, "काका, पाइपवर दहा किलो लिहिलंय. आम्ही सहाच भरले होते." त्याच्या हातात पाइपचा वीतभर तुकडा होता आणि त्याच्या कडा फुटलेल्या काचेसारख्या धारदार होत्या. उरलेला पाइप गच्चीभर विखुरला होता. एक खापरी पाण्याच्या टाकीच्या प्लास्टिकमध्ये रुतून बसली होती आणि तिच्या कडेने पाणी झिरपत होते. पंपाची नळी लांब असल्यामुळे दोघेही मुलगे जिन्याच्या भिंतीआड बसून हवा भरत होते, म्हणून वाचले.

ती वस्तू म्हणजे हवेच्या दाबावर चालणारा घरगुती लाँचर होता. एका जाड पाइपात हवा दाबून साठवायची, मध्ये एक व्हॉल्व्ह बसवायचा आणि तो एकदम उघडून पुढच्या नळीतली वस्तू, मग ती कागदी रॉकेट असो, टेनिसचा चेंडू असो की बटाटा, लांब फेकायची, एवढीच त्याची कल्पना असते. त्या संध्याकाळी इमारतीच्या बैठकीत दोन मते ऐकू आली. एका मताप्रमाणे हा शस्त्र बनवण्याचा प्रकार होता, पोलिसांना कळवायला हवे होते आणि गच्चीला कुलूप लावायला हवे होते. दुसऱ्या मताप्रमाणे मुले आहेत, काहीतरी करणारच, कोणाला लागले नाही ना, मग विषय सोडून द्यावा. मी आयुष्याची तीस वर्षे कॉम्प्रेसरच्या देखभालीत घालवली आहेत आणि ही दोन्ही मते मला सारखीच घातक वाटतात. पहिले मत एका चांगल्या छंदाला गुन्हा ठरवते आणि दुसरे त्या छंदातला खरा धोका कुठे आहे हे पाहायचेच नाकारते.

हा छंद चांगला आहे असे मी म्हणतो ते विचारपूर्वक. नागदेवी स्ट्रीटवरच्या दुकानांत शनिवारी दुपारी उभे राहिले तर बॉल व्हॉल्व्ह, रेड्यूसर, एंड कॅप आणि प्रेशर गेज हाताळत, भाव विचारत फिरणारी विशी-पंचविशीतली मुले दिसतात. त्यांना ज्या गोष्टी समजून घ्याव्याशा वाटतात त्या फळ्यावर नीट शिकवता येत नाहीत. व्हॉल्व्ह हळू उघडला तर हवा निसटते आणि चेंडू नळीच्या तोंडाशीच रेंगाळतो. तोच व्हॉल्व्ह झटक्यात उघडला तर चेंडू दिसेनासा होतो, हवा मात्र तेवढीच लागते. नळी लांब केली तर वेग वाढतो, पण एका लांबीपुढे तो घटू लागतो, कारण हवा प्रसरण पावून दमते आणि घर्षण उरते. बॉइलचा नियम पाठ केलेल्या मुलाला ही घट पहिल्यांदा गेजवर आणि फीतपट्टीवर दिसते, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे उमटते ते मी पाहिलेले आहे, आणि म्हणून कुलूप लावण्याच्या मताशी माझे कधीच पटणार नाही.

या यंत्राचे गंभीर उपयोगही आहेत. विमानाच्या काचेवर आणि इंजिनावर पक्षी आदळला तर काय होईल हे तपासण्यासाठी प्रयोगशाळांत दाबलेल्या हवेची तोफच वापरतात आणि बंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेत अशी चाचणीची सोय आहे. समुद्रात जाणाऱ्या जहाजांवर किमान २३० मीटर दोर फेकू शकणारे साधन ठेवावे लागते. त्यातली बरीचशी साधने रॉकेटवर चालतात, पण दाबलेल्या हवेवर चालणारीही असतात. गच्चीवरचा मुलगा करत होता ते आणि ही साधने यांच्यामागचे तत्त्व एकच आहे. फरक आहे तो हवा साठवणाऱ्या टाकीचा, आणि माझे सगळे म्हणणे त्या टाकीपाशी येऊन थांबते.

लोकांचे लक्ष नळीच्या तोंडाकडे असते, कारण वस्तू तिथून उडते. हवा भरणाऱ्याचा जीव मात्र मागच्या टाकीत असतो. चार इंची, सुमारे चार फूट लांब पाइपात साधारण दहा लिटर जागा असते. तिच्यात सहा किलो दाबाने हवा भरली, म्हणजे कारखान्यातले लोक म्हणतात त्या अर्थाने दर चौरस सेंटिमीटरला सहा किलो, तर बाहेरच्या हवेतली जवळपास साठ लिटर हवा तिथे जास्तीची कोंबलेली असते आणि ती एकदम मोकळी झाली तर साधारण साडेचार हजार जूल ऊर्जा बाहेर पडते. पन्नास किलोची सिमेंटची गोणी तिसऱ्या मजल्यावरून खाली येते तेव्हा तिच्यात एवढीच ऊर्जा असते. आता त्याच पाइपात हवेऐवजी पाणी भरून तेवढाच दाब दिला, तर दहा लिटर पाणी तीन मिलिलिटरसुद्धा आक्रसत नाही. पाण्यात साठलेली ऊर्जा एक जूलभरही नसते आणि पाइपची भिंत ताणल्यामुळे साठते ती धरली तरी हा हिशेब वीस-तीस जूलांपलीकडे जात नाही. दाब तोच, पाइप तोच, गेजचा काटाही त्याच आकड्यावर उभा. पण एकात गोणी टांगलेली आहे आणि दुसऱ्यात जवळपास काहीच नाही.

म्हणून पाइपवर छापलेले दहा किलो खोटे नसले तरी ते या कामासाठी नाहीत. आयएस ४९८५ हे मानक पिण्याच्या पाण्याच्या पाइपांसाठी आहे आणि त्यातला दाबाचा आकडा २७ अंश सेल्सिअस तापमान धरून ठरवलेला आहे. पीव्हीसी तापले की त्याची ताकद झपाट्याने उतरते. पन्नास अंशांच्या आसपास ती निम्म्याहूनही कमी उरते, आणि एप्रिलच्या दुपारी मुंबईतल्या गच्चीवर उन्हात पडलेला पाइप किती तापतो हे त्याला हात लावला की कळते. शिवाय ऊन वर्षभर खाल्लेला पाइप ठिसूळ होतो, करवतीचा एखादा ओरखडा त्याला पुरतो, आणि सोल्युशन लावून जोडलेला सांधा नीट वाळला आहे की नाही हे बाहेरून कळत नाही. या सगळ्याहून मोठा दोष असा की पीव्हीसी फाटत नाही, फुटते. लोखंडी टाकी निकामी होताना बहुधा एखाद्या सांध्याशी चिरते आणि हवा सूं करत निघून जाते. पीव्हीसीच्या मात्र खापऱ्या होतात आणि त्या गोणीची सगळी ऊर्जा त्या खापऱ्यांच्या वाट्याला येते. ही गोष्ट नवी नाही. अमेरिकेतल्या कामगार सुरक्षा खात्याने जमिनीवरच्या दाबाच्या हवेसाठी पीव्हीसी पाइप वापरण्याविरुद्ध १९८८ मध्येच इशारा काढला होता आणि पाइप बनवणारे उत्पादकही हवेसाठी आपला माल वापरू नका असे सांगतात. तरीही घरगुती लाँचर जगभर याच पाइपातून बनतात, कारण तो स्वस्त आहे, हलका आहे, कोपऱ्यावरच्या प्लंबिंगच्या दुकानात मिळतो आणि पहिल्या वीस-पंचवीस वेळा काहीच होत नाही.

हे पहिल्या वीस-पंचवीस वेळांचे यश सगळ्यात फसवे असते. मी ऐंशीच्या दशकात परळच्या एका गिरणीत कॉम्प्रेसर घरात कामाला लागलो, तेव्हा तिथले मिस्त्री रोज सकाळी रिसीव्हरचा, म्हणजे दाबलेली हवा साठवणाऱ्या टाकीचा, खालचा कॉक उघडून आत साचलेले पाणी सोडत असत. पावसाळ्यात ते पाणी चहाच्या रंगाचे येई. तो रंग म्हणजे आतून खाल्ले जाणारे लोखंड. बाहेरून टाकी नुकती रंगवलेली, चकचकीत असे. मिस्त्री मात्र हातोडीने तिच्या पोटावर ठोकत, आवाज ऐकत आणि जिथे आवाज बदले तिथे खडूने खूण करत. त्या टाकीला तीस वर्षांत काहीच झाले नव्हते. तरी तिची ठरलेल्या मुदतीला पाण्याने चाचणी व्हायची, कारण कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ३१ ने दाबाखाली चालणाऱ्या प्रत्येक यंत्राची काळजी घेणे मालकावर बंधनकारक केले होते. कारखान्यातल्या माणसाला हे संरक्षण आहे. कारखाना सुटला आणि तीच हवा गच्चीवर गेली की तिच्यावर कोणाचीच नजर उरत नाही. गिरण्या गेल्या, त्यांची कॉम्प्रेसर घरे गेली, आणि टाकीवर ठोकून आवाज ऐकणारी माणसेही बहुतेक गेली. त्यांचे ज्ञान या मुलांपर्यंत पोहोचण्याचा रस्ता आम्ही ठेवलेला नाही, हे मला मनापासून लागते.

आता कायद्याकडे वळतो, कारण बैठकीत पहिल्यांदा त्याचेच नाव निघाले होते. शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये अग्निशस्त्राची व्याख्या स्फोटकापुरती मर्यादित नाही. स्फोटकाने किंवा ऊर्जेच्या अन्य कोणत्याही प्रकाराने वस्तू फेकण्यासाठी रचलेले शस्त्र त्या व्याख्येत बसते आणि दाबलेली हवा ही अर्थातच ऊर्जेचा अन्य प्रकार आहे. त्याच अधिनियमात शस्त्र म्हणजे हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी रचलेली वस्तू असेही म्हटले आहे, आणि खेळण्याखेरीज ज्यांचा दुसरा उपयोग होऊ शकत नाही अशा वस्तू त्यातून वगळल्या आहेत. शस्त्र नियम, २०१६ मध्ये हवेच्या बंदुकांसाठी सीमारेषा आखलेली आहे. नळीच्या तोंडाशी २० जूलपेक्षा जास्त ऊर्जा किंवा ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठा व्यास असेल तर परवाना लागतो. ही रेषा छर्ऱ्याच्या बंदुकीसाठी योग्य आहे. गच्चीवरच्या लाँचरला ती कशी लावायची हे मात्र स्पष्ट नाही, कारण त्याचा व्यास मुळातच दोन इंच असतो. पाच ग्रॅमचे कागदी रॉकेट सेकंदाला ५० मीटर वेगाने निघाले तर त्याची ऊर्जा सहा जूलच्या आसपास असते. त्याच वेगाने दोनशे ग्रॅमचा बटाटा निघाला तर ती अडीचशे जूल होते, म्हणजे रेषेच्या बारापट. व्यासाच्या कसोटीवर दोन्ही एकाच रांगेत उभे राहतात, ऊर्जेच्या कसोटीवर त्यांचे जगच वेगळे आहे.

माझा आग्रह असा आहे की केंद्र सरकारने नियमांत स्पष्टीकरण द्यावे, शैक्षणिक आणि छंदाच्या लाँचरसाठी ऊर्जा हीच कसोटी धरावी आणि २० जूलच्या आतल्या, मऊ व हलकी वस्तू फेकणाऱ्या साधनांना शस्त्राच्या चर्चेतून पूर्णपणे बाहेर काढावे. त्याच वेळी हौशी लोकांनीही एक गोष्ट निखळपणे मान्य करावी. बटाटे, लाकडी ठोकळे, गोट्या फेकणारे यंत्र मुंबईसारख्या शहरात बनवण्याचे कारण नाही. सेकंदाला ५० मीटर वेगाने निघालेला बटाटा हवेचा अडथळा धरूनही दीडशे मीटरपर्यंत जाऊ शकतो. शिवाजी पार्कच्या कट्ट्याचा संपूर्ण घेर सव्वा किलोमीटरही भरत नाही. म्हणजे मैदानाच्या मध्यापासून थोडे बाजूला उभे राहून तो सोडला तरी जवळच्या कट्ट्यावर बसलेल्या माणसापर्यंत पोहोचू शकेल. इमारतीच्या गच्चीवरून तो कुठे जाईल याचा हिशेब मांडायचीही गरज नाही. आणि ज्याला बेफिकिरीने दुसऱ्याचा जीव धोक्यात घालायचा आहे त्याच्यासाठी भारतीय न्याय संहितेचे कलम १२५ आहेच. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.

बंदीची मागणी सध्या जोरात होण्याचे एक कारण मध्य प्रदेशातल्या घटना आहेत. २०२५ च्या दिवाळीत भोपाळ, विदिशा, ग्वाल्हेर या भागांत प्लास्टिकच्या पाइपातून बनवलेल्या कार्बाइड गनमुळे मोठ्या संख्येने मुलांच्या डोळ्यांना इजा झाली आणि काहींची दृष्टी गेली. त्या बातम्यांनंतर पाइप आणि आवाज एवढे दिसले की लोक त्याला कार्बाइड गन म्हणू लागले. पण त्या नळीत कॅल्शियम कार्बाइडवर पाणी टाकून ज्वालाग्राही वायू तयार करतात आणि तो पेटवतात. मुले आवाज का झाला नाही म्हणून नळीत डोकावतात आणि त्याच क्षणी भडका उडतो. तो ज्वलनाचा, रसायनाचा धोका आहे, आणि त्याच्यावर बंदी असायलाच हवी. शिवाय कार्बाइडच्या विक्रीसाठी १९८७ पासून स्वतंत्र नियम आहेत, त्यांची अंमलबजावणी झाली असती तर बरेच डोळे वाचले असते. निव्वळ हवेच्या लाँचरमध्ये आग नसते, पेटणारा वायू नसतो, आणि दाब गेजवर वाचता येतो. जो धोका मोजता येतो त्याच्याशी मापाने वागता येते. दोन्हींना एकाच पोत्यात घातले तर कार्बाइडवाला सुटतो आणि गेज वाचणारा मुलगा अडकतो.

शिस्तीत बसवलेला हाच खेळ आपल्या महाविद्यालयांत चालतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. एबीयू रोबोकॉन या आंतरराष्ट्रीय यंत्रमानव स्पर्धेत भारतातले संघ भाग घेतात, माटुंग्याच्या व्हीजेटीआयचे विद्यार्थीही त्यात उतरलेले आहेत. २०१७ च्या स्पर्धेत यंत्रमानवांना मऊ चकत्या नेमावर फेकायच्या होत्या. अशा कामासाठी संघ दाबलेल्या हवेचा सर्रास वापर करतात आणि त्यांच्यावर ६०० किलोपास्कल, म्हणजे जवळपास सहा किलो, या दाबाची मर्यादा असते. टाकी कोणती चालेल हेही नियमात लिहिलेले असते. तिथे कोणी शस्त्राचा विषय काढत नाही. तिथल्या मुलामध्ये आणि गच्चीवरच्या मुलामध्ये हुशारीचा फरक नाही. एकाला कार्यशाळा, मार्गदर्शक आणि नियमावली मिळाली, दुसऱ्याला पाइपवरची ओळ मिळाली.

अर्थात नियम आणि लोखंड असले की सगळे झाले, असेही नाही. अमेरिकेच्या डेलावेअर राज्यात १९८६ पासून भोपळे लांब फेकण्याची पंकिन चंकिन नावाची स्पर्धा होत असे. तिच्यातल्या हवेच्या तोफा ट्रकएवढ्या मोठ्या असत आणि २०१३ मध्ये एका तोफेने भोपळा ४,६९४ फुटांवर, म्हणजे जवळपास दीड किलोमीटर, फेकला होता. २०१६ मध्ये तिथे एका तोफेचा धातूचा भाग सुटून उडाला आणि चित्रीकरणासाठी आलेली एक स्त्री अतिशय गंभीर जखमी झाली. पुढच्या वर्षी स्पर्धा भरली नाही आणि काही काळाने ती त्या राज्यातून बाहेर गेली. अनुभवी माणसे होती, मोकळी शेते होती, टाक्या लोखंडी होत्या, तरीही हे घडले. मला त्यातून एवढेच दिसते की टाकी मोठी करण्याच्या चढाओढीला वरची मर्यादा नसेल तर अनुभव पुरत नाही. म्हणून दाबावर आणि टाकीच्या आकारावर मर्यादा हवी, आणि ती हौशी लोकांनी स्वतःहून स्वीकारावी.

मुंबईला धोक्याशी हिशेबाने वागणे अजिबात परके नाही. दहीहंडीचे थर दरवर्षी माणसे जखमी करतात. आपण दहीहंडी बंद केली नाही. न्यायालयात वर्षानुवर्षे वाद झाले, चौदा वर्षांखालील मुलांना थरांत घ्यायचे नाही हे ठरले, सेफ्टी बेल्ट आणि विमा आला आणि २०२२ मध्ये राज्य सरकारने तिला साहसी खेळाचा दर्जा देण्याची घोषणा केली. पतंगाचेही तसेच. २०१७ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने नायलॉनच्या मांजावर बंदी घातली, पतंगावर नाही. गळे कापणारी वस्तू नेमकी कोणती ते ओळखले गेले आणि तीच काढून टाकण्याचा निर्णय झाला. हवेच्या लाँचरमध्ये नायलॉनच्या मांजाची जागा पीव्हीसीच्या टाकीला आहे. तीच काढून टाकावी असे माझे म्हणणे आहे, आणि या एका मुद्द्यावर मी कोणतीही सवलत द्यायला तयार नाही. पीव्हीसीची टाकी पाण्याच्या चाचणीत उतरली तरीही ती हवेसाठी वापरू नये, कारण आज उतरलेली टाकी पुढच्या महिन्यात एका ओरखड्याने फुटू शकते. दाबाच्या हवेसाठीच बनवलेली टाकी, तिच्यावर आपोआप उघडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह, आणि वापरण्याच्या दाबाच्या दीडपट दाबाने पाण्याची चाचणी, ज्याला फिटर लोक हायड्रो म्हणतात, एवढे झाल्याशिवाय कोणी हवा भरू नये.

आणि इथे शहराचे कर्तव्य सुरू होते. हायड्रो करायला फारसे काही लागत नाही. हाताने चालवायचा एक छोटा पंप, तपासलेले गेज आणि टाकीत हवेचा एकही बुडबुडा राहू नये म्हणून वरच्या टोकाचा प्लग सैल करून पाणी ओसंडेपर्यंत भरण्याचा धीर, एवढे पुरते. राज्याच्या व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या आयटीआय मुलुंडला आहेत, कुर्ल्याला आहेत, शहरात इतरत्रही आहेत. तिथे फिटरचा वर्ग आहे, शिकवणारे निदेशक आहेत, सुट्टीच्या दिवशी रिकामी असलेली कार्यशाळा आहे. महिन्यातून एका रविवारी ती चार तास उघडी ठेवून कोणाही नागरिकाची टाकी, नोंदवहीत त्याचे नाव-पत्ता लिहून घेऊन, अल्प शुल्कात तपासून द्यावी, टाकीवर तारीख आणि दाब ठोकून द्यावा आणि न उतरलेली टाकी तिथेच भोक पाडून निकामी करावी. याच सोयीचा लाभ गॅरेजवाल्याला, पंक्चरवाल्याला, रंगाचा फवारा मारणाऱ्या कारागिरालाही होईल, कारण त्यांच्या लहान कॉम्प्रेसरच्या टाक्या वर्षानुवर्षे कोणी तपासत नाही आणि त्या फुटपाथवर, शाळेच्या रस्त्यावर उभ्या असतात.

पुण्याजवळ पाबळ इथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, आणि खेड्यातल्या मुलांना वेल्डिंगपासून बांधकामापर्यंत हाताने कामे करून शिकवण्याची पद्धत घालून दिली. कलबाग स्वतः मुंबईतली मोठी नोकरी सोडून तिथे गेले होते. एका खेड्यात जे उभे राहिले ते मुंबईत सार्वजनिक पातळीवर नाही. इथे मेकर्स असायलमसारखी हौशी कारागिरांची जागा २०१३ मध्ये निघाली आणि काही वर्षांनी गोव्याला गेली. ज्या शहरात चौरस फुटाचा भाव ऐकून पोट भरते तिथे खासगी कार्यशाळा तग धरणे अवघडच आहे, आणि म्हणूनच सरकारी कार्यशाळांची दारे उघडण्याला पर्याय नाही.

याला एक आक्षेप मला प्रामाणिकपणे घ्यावासा वाटतो, कारण तो एका निवृत्त पोलीस अधिकाऱ्याने समोर बसून मांडला आणि त्याच्या मागे अनुभव होता. त्यांचे म्हणणे असे की चांगली, तपासलेली टाकी दिली की जोरदार यंत्र बनवणे सोपे होईल आणि वाईट हेतूच्या माणसाला आपणच मदत करू. मी यावर बराच विचार केला. तपासलेली टाकी यंत्राची ताकद वाढवत नाही. ताकद दाबाने आणि आकाराने वाढते आणि त्या दोन्हींवर नोंदणीच्या वेळीच मर्यादा घालता येते. ज्याचा हेतू वाईट आहे तो नाव-पत्ता लिहून देऊन रविवारी रांगेत उभा राहणार नाही. आज कोण काय बनवतो हे कोणालाच कळत नाही, कारण सगळे गच्चीवर, जिन्याखाली, भंगाराच्या गाळ्यामागे चालते. त्यांनी माझे म्हणणे पूर्ण मान्य केले नाही, पण नोंदवहीची कल्पना त्यांना पटली.

गच्चीवरच्या त्या दोन मुलांनी पुढे कुर्ल्याच्या भंगार बाजारातून एका जुन्या कॉम्प्रेसरची दहा लिटरची टाकी आणली. बाहेरून ती उत्तम दिसत होती. भांडुपमधल्या एका लहान कारखान्याच्या मालकाने ओळखीखातर जेवणाच्या सुट्टीत पंप दिला. आम्ही टाकी ओसंडेपर्यंत पाण्याने भरली, प्लग कसला आणि दांडा हळूहळू मारायला सुरुवात केली. नऊ किलोपर्यंत जायचे होते. साडेसातवर काटा थरथरला आणि पाचच्या खाली आला. आवाज जवळपास झालाच नाही. टाकीच्या बुडाशी, जुन्या वेल्डिंगलगत, चहाच्या रंगाच्या पाण्याची एक रेघ उमटली आणि लादीवर ओघळली. धाकट्याने खाली वाकून त्या रेघेवर बोट ठेवले. थोरल्याने वहीत तारीख आणि ७.५ हा आकडा लिहिला, मग बराच वेळ काही न बोलता टाकीकडे पाहत राहिला. मी त्याला काही सांगितले नाही. टाकी त्याच संध्याकाळी वजनावर परत विकली गेली. दुसरी टाकी त्यांनी शोधून ठेवली आहे, पण ती तपासायची कुठे, हा प्रश्न आहे, कारण भांडुपच्या त्या मालकाला आपल्या चालू कामाच्या तासांत पुन्हा पंप देणे जमणार नाही, आणि मुलुंडच्या आमच्या घरापासून अगदी जवळ असलेल्या सरकारी कार्यशाळेला रविवारी कुलूप असते.